गोगलगाय : शत्रू की मित्र?

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. येथे अनेक गावांत जुने मालगुजारी तलाव आहेत. 'मालगुजार' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचा असेल. कोहळी समाजातील कुशल लोकांनी यांतील अनेक तलाव बांधले. या पाण्यावर धानाची शेती होते आणि ढिवर बांधव मासेमारी करतात.

तलावाच्या काठाशी उथळ पाण्यात डोकावून पाहा. हायड्रिलासारख्या हिरव्या पाणवनस्पती डुलताना दिसतील. त्यांच्या आधाराने अनेक मासे अंडी घालतात. पिल्ले तेथेच लपतात. वनस्पती नाहीशा झाल्या, तर मासेही कमी होतात. म्हणूनच जिल्ह्यातील काही तलावांत ढिवर बांधवांनी बेशरमची झुडपे उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या.

आता एखादे पान नीट पाहा. त्यावर छोटी गोगलगाय चिकटलेली असते. "ही पाने खाते, हिला मारून टाकू," असे आपल्याला वाटते. पण थांबा!

पाण्यातील पानांवर शेवाळाचा बुळबुळीत थर जमतो. हा थर सूर्यप्रकाश अडवतो. प्रकाशाशिवाय पान अन्न तयार करू शकत नाही. गोगलगायीच्या जिभेवर अतिशय बारीक दात असतात. किसणीसारख्या या जिभेने ती शेवाळ खरवडून खाते. पान स्वच्छ होते. त्याला प्रकाश मिळतो व वनस्पती जोमाने वाढते.

मात्र सर्व गोगलगायी सारख्या नसतात. काही जाती पानेही खातात. दक्षिण अमेरिकेतील मोठी सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास तैवानमध्ये आणली गेली. पुढे ती आग्नेय आशियात पसरली आणि तिने धानाची कोवळी रोपे फस्त केली. म्हणून बाहेरची गोगलगाय आपल्या तलावात कधीही सोडू नये.

मुलांनो, तुम्हीही पडताळा घ्या. दोन बरण्यांत तलावाचे पाणी व सारख्याच फांद्या ठेवा. एकीत दोन लहान गोगलगायी सोडा. दोन्ही बरण्या खिडकीजवळ ठेवा. तीन आठवड्यांनी पानांवरून बोट फिरवून पाहा. नंतर गोगलगायी त्याच तलावात सोडा व हात साबणाने धुवा, कारण काही गोगलगायींतून रोगांचे जंतू पसरतात.

नीट पाहिल्याशिवाय कोणालाही शत्रू ठरवू नये.

शब्दार्थ : शेवाळ – काई, खरवडणे – खुरचणे, पडताळा – खातरजमा.

स्वाध्याय
१. शेवाळाच्या थरामुळे पानाचे कोणते नुकसान होते?
२. गोगलगायी नाहीशा झाल्या, तर ढिवर बांधवांवर काय परिणाम होईल? विचार करून लिहा.