‘मले काईच तरास नाही’



रोवणीचे दिवस संपले की ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांत आमच्या महिला सभा भरतात. तिथे मी परिचारिका म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविषयी बोलते. तपासणीला या म्हटले की एक उत्तर हमखास येते, "सिस्टर, मले काईच तरास नाही, मंग कायले दाखवू?" आजचा अभ्यास याच उत्तरावर आहे.

रोग कसा वाढतो?

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. काहींच्या शरीरात तो टिकतो. त्यातून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात आणि सुरुवातीची वर्षे काहीच दुखत नाही. म्हणूनच त्रास नसतानाच तपासायचे असते. पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, अंगावरून वास येणारे पाणी जाणे, ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये.

तपासणी कशी असते?

पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, लावतात आणि एक मिनिट थांबून पाहतात. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी होते. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींचा उपचार तेवढ्या जागेपुरताच असतो. "पिशवीच काढतील" ही भीती मी गावोगाव ऐकते. वेळेवर आलेल्या बहुतेक बहिणींवर ती वेळ येत नाही. 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी ही तपासणी दर 5 वर्षांनी करावी, असे सरकारी धोरण आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती.

आपल्या राज्याने काय दाखवले?

बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच केली होती. आठ वर्षांत त्या गटातील 34 जणी या रोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात 64 दगावल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून व्हिनेगरची तपासणी करवली. तिथे या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हे काम आपल्या गावच्या मुलीही शिकू शकतात.

माझी चूक

एका बहिणीला पाळी बंद झाल्यावर डाग पडत होते. मी तिला चिठ्ठी दिली, "जा" म्हणाले आणि पुढच्या गावी निघाले. ती गेली नाही. एका दिवसाची मजुरी, पुरुष डॉक्टरची लाज, नवऱ्याला काय सांगायचे हा प्रश्न, आणि सोबत कोणी नाही. आठ महिन्यांनी ती आली तेव्हा रोग पसरला होता. मी सोबत गेले असते तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातील, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवा. ती गर्दीत मागून, लपत आली. प्रभूने तिला दटावले नाही. गर्दीत थांबून तिचे ऐकले आणि तिला कन्या म्हटले. आपल्या बहिणीही मागूनच येतात. त्यांच्यासाठी थांबणे हे मंडळीचे काम आहे.

आपण काय करू शकतो?

- तपासणीच्या दिवशी प्रत्येक बहिणीसोबत एकीने जावे.
- भाडे आणि बुडालेली मजुरी यासाठी थोडे दान राखून ठेवावे.
- बंधूंनो, घरी आपणच म्हणा, "जाऊन ये, मी पोरांना पाहतो."
- 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

चर्चेसाठी: आपल्या मंडळीत 30 वर्षांवरील किती बहिणींची तपासणी झाली आहे? राहिलेल्यांसोबत कोण जाणार?

प्रार्थना: उशिरा आलेल्या बहिणींसाठी, आणि अजून घरीच असलेल्यांसाठी.