पाणी शेंदण्याचा हिशेब

मी पाच वर्षांचा असताना आई विहिरीचे पाणी शेंदू लागली, की तिच्या मागे उभे राहून दोराचे टोक ओढायला मिळावे म्हणून हट्ट करी. चौदाव्या वर्षी मात्र तेच काम सांगितले, की मला नेमका अभ्यास आठवे! मधल्या काळात काम जड झाले होते काय? हिशेब करून पाहू.

पाण्यासह पोहऱ्याचे वस्तुमान 10 किलोग्रॅम आणि पाणी 8 मीटर खोल आहे असे समजा. घर्षण व दोराचे वजन सोडले, तर एका खेपेचे कार्य 10 × 9.8 × 8 = 784 ज्यूल. पंचवीस खेपांचे 19,600 ज्यूल, म्हणजे सुमारे 4.7 किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम 20 ते 25 टक्के असल्याने शरीर याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्च करते. तरीही एका भाकरीत याहून पुष्कळ अधिक ऊर्जा असते.

म्हणजे ज्यूल तेवढेच राहिले. बदललो तो मी. लहानपणी कंटाळा आला की दोर सोडता येई, म्हणून तो खेळ होता. आईला तो सोडता येत नसे.

भरलेली घागर घेऊन ती उभी राही, तेव्हा विस्थापन शून्य, म्हणून घागरीवर केलेले कार्यही शून्य! पण स्नायू ताणलेलेच राहतात, ऊर्जा खर्च होते, खांदे दुखतात. हे वर्गात शिकवू लागलो, तेव्हा कुठे मला तिचे खांदे आठवले.

तुमच्या घरी पाणी कोण उचलते? बादलीचे वस्तुमान, उंची आणि खेपा मोजून ज्यूल काढा. मग आठवडाभर ते काम स्वतः करा आणि हिशेबात काय आले नाही, ते वहीत लिहा.