आजोबांचे तीन, लेकीचे आठ

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या इंग्रजीच्या वहीत ‘पार्ट्‌स ऑफ स्पीच’ आठ लिहिले आहेत. मराठीच्या वहीतही शब्दांच्या जाती आठच. माझे आजोबा मात्र निजामाच्या राज्यात, मोमिनाबादेला उर्दूतून शिकलेले. ते ठासून सांगायचे की शब्द तीनच तऱ्हेचे, बाकी सगळे पोटभेद. मग इंग्रजीत नेमके किती? आणि इंग्रजीत आठ, मराठीतही आठ, हे कसे काय जमले?
– एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : तुमचे आजोबा चुकत नव्हते आणि लेकीची वहीही बरोबर आहे. शब्द भाषेत असतात, पण त्यांचे गट व्याकरणकार पाडतो. त्यामुळे किती गट, हे बरेचसे त्या व्याकरणकाराच्या गुरुघराण्यावर ठरते. आजोबांचे घराणे बसऱ्याचे आणि लेकीचे अलेक्झांड्रियाचे, एवढाच काय तो फरक.

आधी आजोबांकडे वळू. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. घरी मराठी बोलणारी मुले वरच्या वर्गांत गेली की गणित, इतिहास, सगळे उर्दूतून शिकत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर पदवीपर्यंत उर्दूच माध्यम होते. या उर्दूचे शालेय व्याकरण अरबीच्या साच्यात बसवलेले होते. तो साचा आठव्या शतकातला. सीबवैह नावाच्या मूळच्या इराणी पंडिताने बसऱ्यात राहून अरबीचे व्याकरण लिहिले. त्याला लोक नुसते ‘अल-किताब’, म्हणजे ‘पुस्तक’, एवढेच म्हणतात. त्या ग्रंथाच्या आरंभीच विभागणी येते : इस्म, फेल आणि हर्फ. इस्म म्हणजे नाव, फेल म्हणजे क्रिया आणि हर्फ म्हणजे या दोहोंत न बसणारे, वाक्य जोडायला लागणारे छोटे शब्द.

आता लेकीची वही या तिनांवर ठेवून पाहा. उर्दूत सर्वनामाला इस्म-ए-जमीर म्हणतात आणि विशेषणाला इस्म-ए-सिफत. म्हणजे नाम, सर्वनाम आणि विशेषण ही तिन्ही इस्मच्याच पोटात गेली. शब्दयोगी म्हणजे हर्फ-ए-जार आणि उभयान्वयी म्हणजे हर्फ-ए-अत्फ. ही हर्फच्या खात्यावर. क्रियापदासाठी फेल आहेच. आजोबा ‘बाकी पोटभेद’ म्हणायचे, ते या हिशेबाने अगदी नेमके होते.

लेकीच्या आठांची कूळकथा याहून जुनी आहे आणि थोडी गमतीचीही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या विद्वत्परंपरेत तयार झालेल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावे एक छोटेसे ग्रीक व्याकरण चालत आले आहे. त्यात शब्दांचे आठ भाग सांगितले आहेत : नाम, क्रियापद, धातुसाधित, आर्टिकल, सर्वनाम, प्रिपोझिशन, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. या यादीत विशेषण नाही, कारण ग्रीकांच्या लेखी विशेषण हे नामच होते. केवलप्रयोगीही नाही. आकडा तेवढा आठ.

पुढे रोमनांनी हीच यादी लॅटिनला लावली, तर पंचाईत झाली. लॅटिनमध्ये ग्रीकसारखे आर्टिकल नाही, म्हणजे सातच उरले. पंगतीतून एक जण उठला की यजमान ओसरीवरच्या दुसऱ्याला पाटावर बसवतो, तसे लॅटिन पंडितांनी ‘अरेरे’, ‘अहाहा’ अशा उद्गारांना क्रियाविशेषणांतून उठवून रिकाम्या जागी बसवले. आठाचा आकडा शाबूत राहिला. डोनेटस आणि प्रिशियन यांच्या लॅटिन व्याकरणांनी हीच आठांची यादी युरोपभर नेली आणि मध्ययुगातली शेकडो वर्षे मुले तीच घोकत राहिली.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकरचे, १५८६ चे. तेही लॅटिनच्याच चालीवर. लॅटिनच्या अंगरख्यात इंग्रजीला बसवण्याची ही खटपट दोन-अडीचशे वर्षे चालली. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणांत विशेषण नामापासून वेगळे निघून स्थिरावले आणि धातुसाधित क्रियापदात गेले. पण इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकले आहेत, त्यांचे काय करायचे? रॉबर्ट लाउथने १७६२ साली त्यांना स्वतंत्र जागा दिली आणि नऊ भाग मोजले. लिंडले मरेनेही १७९५ च्या आपल्या अतोनात खपलेल्या व्याकरणात नऊच मोजले. म्हणजे इंग्रजीचे आठ काही कायम आठ नव्हते. भारतीय शाळांसाठी लिहिणाऱ्या नेस्फील्डने आर्टिकलांना विशेषणांत ढकलले आणि गाडी परत आठवर आली. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या जाडजूड पुस्तकावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, तेही आठच सांगते. यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परकीय पलटणीवरची गाजलेली कादंबरी त्याचीच. व्याकरणाच्या पुस्तकात त्या साहसाचा मागमूस नाही, हे विद्यार्थ्यांचे दुर्दैव.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मराठीतही आठच कसे? यात योगायोग काही नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मुंबईत मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा लिंडले मरेच्या व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. मराठीत आर्टिकल नाही. मरेच्या नवांतून ते वगळा, उरतात आठ! त्यांना संस्कृत वळणाची नावे मिळाली : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. नावे इतकी घरची वाटतात की ही यादी पाणिनीपासून चालत आली असावी असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात यास्काच्या निरुक्तात चारच प्रकार आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीचे काम तर दोनांत भागते, सुबन्त आणि तिङन्त. ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात ते एक, ज्याला क्रियापदाचे लागतात ते दुसरे. अव्ययांनाही तो आधी सुप्, म्हणजे विभक्तीचा, प्रत्यय लावतो आणि मग त्याचा लोप करतो. काटकसर करावी तर अशी.

यादीवाचून भाषेचे अडते का, हे आजोबा शिकले त्या गावावरूनच पाहा. परंपरा अंबाजोगाईला आद्य कवी मुकुंदराजाची भूमी मानते आणि त्याच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ सांगते. त्याच गावी सोळाव्या शतकात दासोपंतांनी पासोडीच्या कापडावर ओव्या लिहून काढल्या. आठांची यादी तेव्हा मराठीच्या वाटेला गेलेली नव्हती आणि दासोपंतांचे त्यावाचून काही अडलेही नाही. यादी वर्णनासाठी असते; बोलणाऱ्याला तिची गरज नसते.

इंग्रजी शिकणाऱ्याला मात्र गरज असते आणि ती कुठे लागते हे दाखवतो. ‘वॉटर’ हा एकच शब्द घ्या. ‘द वॉटर इज मडी’ यात तो नाम आहे. ‘वॉटर द कॉटन’, कपाशीला पाणी द्या, यात तोच शब्द जसाच्या तसा क्रियापद झाला. ना प्रत्यय, ना रूपबदल. मराठीत असे ‘कपाशी पाणी’ म्हणून भागत नाही. ‘कपाशीला पाणी दे’ असेच म्हणावे लागते. पण त्याच्या बदल्यात ‘पाणी दे कपाशीला’, ‘दे कपाशीला पाणी’, कसेही फिरवा, अर्थ हलत नाही, कारण कोणाला द्यायचे हे ‘ला’ सांगून टाकतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे विभक्तीचे प्रत्यय लागत. ते हळूहळू झडले आणि प्रत्ययांचे काम शब्दांच्या जागेवर येऊन पडले. म्हणून इंग्रजीत जागा चुकली की अर्थ चुकतो आणि नुसत्या शब्दाकडे बघून त्याची जात सांगता येत नाही. मुलीला कोणी ‘वॉटर कोणता पार्ट ऑफ स्पीच?’ असे विचारले, तर तिने उलट वाक्य मागावे.

उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी येतो तो ‘वॉटर टँकर’. यातला ‘वॉटर’ कोण? जुनी पुस्तके म्हणतात, टँकरबद्दल विशेष माहिती सांगतो, म्हणून विशेषणासारखा वापरलेला. नवे व्याकरणकार म्हणतात, नामच. फक्त दुसऱ्या नामाच्या आधी उभे राहिलेले. मला नव्यांचे पटते. खऱ्या विशेषणाच्या आधी ‘व्हेरी’ चालतो : ‘अ व्हेरी बिग टँकर’. शिवाय ते वाक्यात मागेही जाते : ‘द टँकर इज बिग’. ‘व्हेरी वॉटर टँकर’ कोणी म्हणत नाही. आणि ‘द टँकर इज वॉटर’ म्हणाल, तर टँकरच पाण्याचा बनला!

मराठीतही एक शब्द अनेक कामे करतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. ‘वर बघ’ यात ‘वर’ क्रियाविशेषण आहे. ‘छतावर’ यात तोच शब्दयोगी होऊन नामाला चिकटला आणि चिकटताना ‘छत’चे ‘छता’ करून गेला. ‘मुलीसाठी वर शोधतोय’ यातला वर मात्र मुळातच निराळा शब्द, नुसता उच्चार सारखा. ‘छतावर’ला इंग्रजीत ‘ऑन द रूफ’. आपला शब्दयोगी मागून येऊन जोडला जातो, त्यांचे प्रिपोझिशन पुढे सुटे उभे राहते. दोन्ही एकाच खान्यात टाकले जातात, पण स्वभाव वेगळे. मराठी माध्यमातली मुले इंग्रजी लिहिताना सर्वांत जास्त इथे आणि आर्टिकलांत अडखळतात, आणि त्यात बुद्धीचा प्रश्न नाही.

मराठीची ही चौकट पुढे नव्याने तपासली गेली ती मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त. दामले हे केशवसुतांचे बंधू. एका भावाने कवितेची जुनी चौकट मोडली आणि दुसऱ्याने भाषेची चौकट तपासली. गोडी लागली तर त्यांचा ग्रंथ अवश्य चाळा, पण एका बैठकीत संपवायचा विचार करू नका.

इंग्रजीतही यादीची घडी अजून बसलेली नाही. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ साली केंब्रिजसाठी जे भलेमोठे व्याकरण सिद्ध केले, त्यात भाग नऊ आहेत, पण ते मरेचे नऊ नव्हेत. ‘द’, ‘धिस’, ‘सम’ अशा शब्दांचा एक स्वतंत्र गट, उभयान्वयींचे दोन गट आणि सर्वनाम परत नामाच्या घरात. ही शेवटची गोष्ट आजोबांना आवडली असती. त्यांच्या इस्ममध्ये सर्वनाम होतेच.

परीक्षेत काय लिहायचे? मुलीच्या पुस्तकात आठ असतील तर आठ. शिक्षकांशी हडलस्टनच्या नावाने वाद घालायला पाठवू नका.

प्रश्न : भरतीच्या तयारीसाठी अभ्यासिकेत बसतो. ‘यस’ आणि ‘नो’ हे कोणत्या प्रकारात येतात? दोन गाइडांत दोन उत्तरे आहेत.
– एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : दोन्ही गाइडांना दोष देऊ नका. जुन्या परंपरेत ही क्रियाविशेषणे गणली जात; आताचे कोश बहुधा त्यांना उद्गारवाचकांत ठेवतात. खरी अडचण अशी की प्रश्नाला उत्तर म्हणून आलेला ‘यस’ एकटाच आख्ख्या वाक्याचे काम करतो, आणि आठांच्या यादीतले खाने तर वाक्याच्या तुकड्यांसाठी केलेले. ‘नो’चे आणखी एक रूप आहे : ‘नो मनी’ यातला ‘नो’ नामाच्या आधी बसतो. तो जुन्या यादीत विशेषण आणि नव्या यादीत डिटर्मिनर, म्हणजे वर सांगितलेल्या ‘द’, ‘सम’ यांच्या गटातला. प्रश्नपत्रिकेत ‘नो’ अधोरेखित असेल तर आधी पुढे नाम आहे का ते बघा.

मराठीत मात्र ‘नाही’ची गोष्ट फार वेगळी आहे. ‘व्हय’ म्हटले की संपते, त्याचे रूप बदलत नाही. पण ‘तो येत नाही’, ‘तू येत नाहीस’, ‘ते येत नाहीत’ हे एकामागोमाग म्हणून पाहा. कर्ता बदलला की ‘नाही’ बदलतो. भूतकाळात गेलात तर ‘नव्हता’, ‘नव्हती’, ‘नव्हते’, म्हणजे लिंग-वचनही आले. पुरुष, लिंग, वचन आणि काळ यांप्रमाणे चालणारा हा शब्द क्रियापद आहे. परीक्षेत मराठीच्या भागात ‘तो येत नाही’ यातला ‘नाही’ अधोरेखित करून जात विचारली, तर ‘नो’ची सवय बाजूला ठेवून उत्तर द्या.