काजव्यांचे झाड कॅमेऱ्यात कसे टिपावे?

प्रश्न : दिवाळीत आयएसओ १००, एफ/११ आणि चार सेकंदांवर आतषबाजीचे फोटो छान आले. भंडारदऱ्याच्या काजव्यांना हीच सेटिंग चालेल का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाही. आतषबाजी प्रखर असते, काजव्याचा उजेड अगदी मंद. ट्रायपॉड लावून एफ/२.८, आयएसओ १६०० आणि २० ते ३० सेकंदांपासून सुरुवात करा. अंधार पडण्यापूर्वीच झाडावर फोकस साधून तो मॅन्युअलवर टाका. काळोखात ऑटोफोकस चाचपडत राहतो. कॅमेरा न हलवता ओळीने वीस-तीस फ्रेम घ्या आणि संगणकावर ‘लाइटन’ मोडमध्ये एकावर एक चढवा. झाड भरगच्च उजळलेले दिसेल.

अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी परिसरात मेअखेरीपासून जूनमध्ये पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा काजव्यांनी लखलखतात. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा.

फ्लॅश आणि टॉर्च मात्र कटाक्षाने टाळा, गाडीचे दिवेही मालवा. नर-मादी लुकलुकण्याच्या खुणेनेच एकमेकांना शोधतात. आपला झोत पडला की ती खूण हरवते, मीलन खोळंबते. अंडी ओलसर मातीत घातली जातात, म्हणून पायवाट सोडून झाडाखाली शिरू नका. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याचे नियम पाळूनच फोटो काढा.