ऑक्टोबरचा उष्मा आणि घरातील कूलर

नैर्ऋत्य मोसमी पाऊस राज्यातून परतू लागला, की आकाश निवळते आणि आश्विनातील ऊन चटके देऊ लागते. ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रूढ झाला आहे. विदर्भात तर पावसाळ्यात बंद असलेले कूलर या दिवसांत पुन्हा सुरू होतात, आणि लागलीच तक्रारही ऐकू येते, की कूलर रात्रंदिवस चालतो पण खोली काही थंड होत नाही. बहुधा दोष यंत्राचा नसतो, ऋतूचा असतो.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा हवा कमालीची कोरडी असते. तिच्यात बाष्प सामावण्यास भरपूर वाव असल्याने चांगला कूलर तिचे तापमान १५ अंशांपर्यंत उतरवू शकतो. ऑक्टोबरात तापमान ३३-३४ अंशच असते, परंतु जमीन ओली असते आणि हवा दमट. अशा वेळी फरक पडतो तो जेमतेम पाच-सहा अंशांचा. खिडक्या बंद असतील तर ओलसर हवा खोलीत कोंडते व अंगावरचा घामही वाळत नाही. म्हणून या महिन्यात पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा व समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

याहून महत्त्वाची, पण सहसा लक्षात न येणारी बाब सूर्याच्या स्थानाची आहे. मे अखेरीस मध्यान्ही सूर्य नागपूरच्या जवळजवळ माथ्यावर असतो. उष्णता उतरते ती छपरातून. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो विषुववृत्त ओलांडतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मध्यान्हीदेखील माथ्यापासून सुमारे ३४ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. उन्हाळ्यात सावलीत राहिलेल्या दक्षिणेच्या भिंती व खिडक्या आता तापतात. शाळेच्या अंगणात काठी रोवून दर महिन्याला तिची दुपारची सावली मोजल्यास विद्यार्थ्यांना हे सहज पटेल. दक्षिणेच्या खिडकीवर बाहेरून बांबूची चटई सोडावी. आतला पडदा तितका उपयोगी पडत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेले असते.

ज्या कार्यालयांत वातानुकूलन यंत्रे आहेत तेथे पावसाळ्यात जाळीवर साचलेली धूळ व बुरशी प्रथम धुवावी. तारांकित यंत्रांची मूळ मांडणी १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांची असते. ती १८ वर आणल्याने खोली लवकर थंड होते, हा समज चुकीचा आहे. एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते.

थंडीसाठी गीझर सुरू करण्यापूर्वी, विशेषतः विंधन विहिरीचे जड पाणी असेल तेथे, त्यातील क्षारांचा थर काढून घ्यावा. अर्थिंगही तपासून घ्यावे.

उष्मा ओसरल्यावर कूलर झाकून ठेवला जातो, आणि ग्रामपंचायतींनी लक्ष घालावे ते येथे. डेंग्यूचा फैलाव करणारा एडिस डास टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ अंडी घालतो. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात व पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. कूलर वापरात असताना टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. हंगाम संपल्यावर मात्र पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या आतल्या कडा काथ्याने खरवडून घासाव्या लागतात.