गाडीतला फ्रीज, दुसरी बॅटरी आणि इन्सुलिन

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गावातली सोळा मंडळी मिनीबस करून गाणगापूर, मंत्रालय, तिरुपती अशी बारा दिवसांची यात्रा करून परतली. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो न उघडतो तोच त्यांच्यातले एक सेवानिवृत्त गुरुजी आले. तोंडाला कोरड, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवी, अंगात त्राण नाही. रक्तातील साखर पाहिली तर ४६०!

"गुरुजी, प्रसादाचे लाडू जरा जास्त झालेले दिसतात," मी म्हणालो. गुरुजी दुखावले. "डॉक्टरसाहेब, लाडू हातात घेतला तो नातवाला देण्यापुरता."

तासाभराने त्याच यात्रेतल्या एक काकू आल्या. साखर ३८०. संध्याकाळी तिसरे गृहस्थ. तेव्हा मात्र मला लाडवाचा आरोप मागे घ्यावा लागला. तिघांचा आहार वेगळा, डोस वेगळे. सारखी गोष्ट एकच, तिघांच्या इन्सुलिनच्या बाटल्या बसमधल्या एकाच छोट्या फ्रीजमध्ये होत्या. आणि 'उन्हाळा आहे, फ्रीज बरोबर घ्या' हा सल्ला माझाच होता. तो फ्रीज चालणार कशावर, हे मी विचारले नव्हते.

गुरुजींची बाटली मागवून घेतली. त्यांचे इन्सुलिन दुधाळ प्रकारचे. तळहातांत हळुवार फिरवल्यावर ते सगळीकडे सारखे पांढरे दिसायला हवे. इथे नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगत होत्या आणि काचेला आतून बारीक कण चिकटले होते. "ही कधी गोठली होती का?" मी विचारले. गुरुजी म्हणाले, "दोन-तीनदा कडक झाली होती खरी. हातात धरून पातळ केली आणि घेतली." इन्सुलिन एकदा गोठले की त्याचा गुण जातो. वितळल्यावर तो परत येत नाही.

फ्रीजमध्ये इन्सुलिन गोठले कसे?

उत्तर मिळाले ते आमच्या बॅटरीवाल्याकडे. गुरुजींच्या मुलाने हौसेने मागच्या सीटखाली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी ठेवली होती आणि बसच्या मुख्य बॅटरीपासून तिथपर्यंत घरच्या दिव्याला वापरतात तसली एक एमएमची वायर ओढली होती. मध्ये रिले नाही, फ्यूज नाही. एवढ्या बारीक वायरीतून दुसरी बॅटरी कधी पुरती चार्ज झालीच नाही. मुक्कामी मध्यरात्रीच्या सुमारास फ्रीज बंद पडे. सकाळी बाटल्या कोमट लागत, म्हणून कोणीतरी फ्रीजचे तापमान उणे ५ वर नेऊन ठेवले. मग दिवसभर इंजिन चालू असताना फ्रीज जोरात चाले आणि औषधाचा बर्फ होई. शिवाय दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडलेल्या असल्याने फ्रीजने मुख्य बॅटरीही रिकामी केली. दोनदा पहाटे यात्रेकरूंनी बस ढकलून चालू केली होती!

याहून गंभीर गोष्ट बॅटरीवाल्याने दाखवली. एके ठिकाणी वायरीचे प्लास्टिक पत्र्याला घासून जवळजवळ उघडे पडले होते. तिथे ठिणगी पडती तर फ्यूज नसल्याने वायर पेटलीच असती. तशा वायरीवर सोळा माणसे बारा दिवस बसून फिरली.

फ्रीज कोणाला लागतो?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. वापरात असलेली बाटली मात्र २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चांगली राहते. नेमकी मुदत बाटलीच्या कागदावर छापलेली असते. म्हणजे आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या एकट्या माणसाला फ्रीज लागतोच असे नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवली, किंवा मुक्कामी लहान माठात ठेवली, तरी काम भागते. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती तितकी साधत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मात्र बाटली कधीही ठेवू नये. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

फ्रीज उपयोगी पडतो तो महिनाभराचा साठा न्यायचा असेल, बरोबर अनेक रुग्ण असतील, किंवा लसी न्यायच्या असतील तेव्हा. धनुर्वात आणि हेपॅटायटिस-बीच्या लसीही गोठल्या की बाद होतात, हे लक्षात असू द्यावे.

जोडणी कशी हवी?

मी डॉक्टर आहे, वायरमन नव्हे. पण या प्रकरणानंतर बॅटरीवाल्याजवळ बसून जे समजून घेतले, ते सांगतो. काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

१. फ्रीज कॉम्प्रेसरचा असावा. स्वस्त 'गार-गरम' पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशच थंड करतात. बाहेर ४० अंश असताना त्यात औषध २० ते २५ अंशांवर राहते.

२. फ्रीजसाठी वेगळी, शक्यतो सीलबंद बॅटरी घ्यावी. पातळ अॅसिडची बॅटरी सांडते आणि चार्ज होताना ज्वालाग्राही वायू सोडते. ती बसायच्या जागेत ठेवू नये. कोणतीही बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी.

३. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले हवा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झाल्यावर त्या वेगळ्या करतो. त्यामुळे फ्रीज रात्रभर चालला तरी सकाळी गाडी चालू होते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केले जाते. तिथे रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

४. जोडवायरीला दोन्ही टोकांना बॅटरी असते. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ एकेक फ्यूज हवा. फ्रीजच्या वायरीला वेगळा फ्यूज, साधारण १५ अँपिअरचा.

५. वायर जाड हवी. फ्रीज बॅटरीपासून ५ मीटरवर असेल आणि ५ अँपिअर ओढत असेल, तर एक एमएमच्या वायरीत पाऊण व्होल्टाहून जास्त वाया जातो. सहा एमएमच्या वायरीत फक्त ०.१५ व्होल्ट. बारीक वायर असली की बॅटरी निम्मी भरलेली असतानाही फ्रीजला ती रिकामी वाटते आणि तो बंद पडतो. दोन बॅटऱ्यांमधली वायर तर याहूनही जाड लागते.

६. हिशेब करावा. ४० लिटरचा फ्रीज चालताना सुमारे ४ अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ तरी चालतो. म्हणजे दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरू देऊ नये. त्यामुळे १०० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी गाडी उभी असताना एक दिवस पुरते, दोन नाही.

७. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या दिसतात. त्यांतली एक 'दुसरी बॅटरी' समजू नये. त्या दोन्ही मिळून २४ व्होल्ट देतात. एकीवरच फ्रीज जोडला तर ती उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते.

वापरताना

तापमान ५ अंशांवर ठेवावे आणि कोमट वाटले तरी शून्याखाली नेऊ नये. कोमट का झाले ते आधी शोधावे. बाटल्या फ्रीजच्या भिंतीला टेकवू नयेत, डब्यात घालून मधोमध ठेवाव्यात. आत कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवावा. फ्रीजचा आकडा तुम्ही पाहता त्या क्षणाचा असतो. रात्री दोन वाजता काय झाले, ते थर्मामीटरच सांगतो. यात्रेला निघण्यापूर्वी घरीच एक रात्र फ्रीज दुसऱ्या बॅटरीवर चालवून सकाळी तो आकडा पाहावा.

शेवटी एक धोक्याची सूचना. साखर वाढत चालली म्हणून गुरुजींनी स्वतःच डोस २० वरून २८ युनिट केला होता. निकामी औषध कितीही घेतले तरी उपयोग नाही. पण तोच २८ चा डोस ताज्या बाटलीतून घेतला असता, तर साखर धाडकन उतरून ते बेशुद्ध पडले असते. इन्सुलिनचा संशय आला की बाटली बदलावी, डोस पूर्वीचाच ठेवावा आणि डॉक्टरांना गाठावे. नवी बाटली घेताना ती ४० युनिटची आहे की १०० ची, आणि सिरिंज तिलाच जुळणारी आहे ना, हेही पाहावे.

गुरुजींना दोन दिवस दवाखान्यात ठेवून सलाइन आणि ताजे इन्सुलिन द्यावे लागले. तिघेही आता बरे आहेत. बसमधली वायर मुलाने बदलून घेतली. आणि प्रवासाला निघालेल्या प्रत्येक रुग्णाला मी आता एक प्रश्न आवर्जून विचारतो, "फ्रीज नेताय, ठीक. पण रात्री गाडी बंद झाल्यावर तो कशावर चालणार?"