सहावं बोट

मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणतात. माझ्या मनी चौदा महिने एकच गोष्ट वसली होती आणि स्वप्नात ती सोडून बाकी सगळं दिसत होतं. उतू गेलेलं दूध, हरवलेली चप्पल, दहावीचा गणिताचा पेपर (मी मराठी शिकवते, तरीही). मला हवं होतं ते एवढंच: स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे स्वप्न आहे' असं कळावं. याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. मी आपली 'जागं स्वप्न' म्हणते.

हे थोतांड वाटून पान उलटू बघणाऱ्यांना जरा थांबवते. झोपेच्या ज्या टप्प्यात ठळक स्वप्नं पडतात, त्यात अंग लुळं पडलेलं असतं, पण डोळे मोकळे असतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाचा गृहस्थ प्रयोगशाळेत झोपला आणि स्वप्नात भान आल्यावर त्यानं ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं आणि शिकण्याची रीतही बसवली. मी शिकले ती त्यांच्याच पुस्तकावरून.

पहिलं जागं स्वप्न पडलं २०२२च्या मे महिन्यात. माझे वडील, अप्पा, अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. मी म्हटलं, अप्पा जाऊन तर सहा वर्षं झाली. त्यासरशी सगळं असं काही लख्ख झालं, की घमेल्याच्या काठावरचा गंजसुद्धा दिसला. जेमतेम चार सेकंद. मग आनंदानं जागच आली. पुढच्या वर्षभरात अशी आणखी नऊ स्वप्नं पडली. जून २०२३पासून मात्र चौदा महिने एकही नाही.

आता माझ्या चुका. त्या सांगायलाच बसले आहे.

पहिली चूक गजराची. रात्री पाच-सहा तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि मनाशी ठरवून पुन्हा झोपायचं, ही या विद्येतली सगळ्यात भरवशाची युक्ती. मी तिचं रोजचं व्रत केलं. रोज रात्री तीनला गजर. पंधराव्या दिवशी नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. जाताना म्हणाला, "अगं, स्वप्न बघायला आधी झोपावं लागतं." मला तेव्हा त्याचा राग आला. चौदा महिन्यांत या विषयावर कुणी बोललेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, हे कळायला वेळ लागला. तीनला उठायचं, मोबाइलवर याच विषयाचं काहीबाही वाचायचं, मग डोळे मिटून 'आता कळलंच पाहिजे' असं स्वतःला दटावत पडायचं. झोप यायची ती उठायच्या बेताला. सहामाहीच्या गुणपत्रकात एका मुलीला ८१च्या जागी १८ दिले. तिच्या आईनं शाळेत येऊन ते मला दाखवलं, तेव्हा मान वर करवेना.

या मोडलेल्या झोपेनं आणखी एक प्रसाद दिला. एका पहाटे डोळे उघडे, पण हात हलेना, आवाज फुटेना, आणि पायाशी कुणीतरी बसलेलं. आजी असती तर मुंज्या म्हणाली असती आणि मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या. खरं तर स्वप्नाच्या टप्प्यातलं अंगाचं लुळेपण जाग आल्यावरही क्षण-दोन क्षण रेंगाळतं, तेच हे. झोप कमी पडली किंवा तिचे तुकडे झाले, की त्याची शक्यता वाढते. असं झालं तर धडपडू नका. श्वास सावकाश सोडत राहा, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. सुटतं. वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चूक बोटांची. दिवसातून अनेकदा स्वतःला विचारायचं, 'हे स्वप्न तर नाही?' आणि तपासायचं. नाक दाबून श्वास घेता येतो का, लिहिलेली ओळ दोनदा वाचली तर तीच राहते का, हाताला बोटं किती. मी बोटं धरली. दर तासिकेच्या घंटेला मोजायची, माळ ओढल्यासारखी. शंका नाही, कुतूहल नाही, नुसती मोजणी. सवय पक्की झाली आणि एका रात्री खरोखरच स्वप्नात मी बोटं मोजली. सहा भरली. मी काय म्हणावं? "चाळिशीनंतर येतं एखादं." आणि भाजी निवडायला बसले. सकाळी आठवलं तेव्हा आधी पोट धरून हसले, मग रडू आलं.

तिसरी चूक होता होता राहिली. विसराळूपणाच्या आजारावरचं गॅलँटामाइन नावाचं औषध घेऊन अशी स्वप्नं वाढतात, असा एक अभ्यास लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला होता. मी ते ऑनलाइन मागवायच्या बेतात होते. आमच्या ओळखीच्या केमिस्टनं विचारलं, "मॅडम, घरात कुणाला अल्झायमर आहे का?" त्या प्रश्नानं भानावर आले. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्यायचं औषध आहे, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. एका स्वप्नासाठी हा उद्योग करू नका. आणि भास होणं, खरं-खोटं याची सरमिसळ होणं असा त्रास ज्यांना आहे, त्यांनी या वाटेलाच जाऊ नये.

आणि आता मुख्य गोष्ट. ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, माझ्याच वहीत सापडली.

स्वप्नांची नोंद ठेवायला मी दोनशे पानी वही केली होती. पलंगाच्या दांडीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. जुलै २०२४मध्ये मुलांच्या याद्या करायला कोरी पानं हवी होती म्हणून ती वही काढली आणि उभ्या उभ्याच चाळायला लागले. मे २०२३: एका रात्रीची दोन-दोन, तीन-तीन स्वप्नं, समासातसुद्धा मजकूर. १५ जूननंतर चार ओळी. ऑगस्टमध्ये 'काहीतरी बस होती'. नोव्हेंबरात नुसत्या तारखा आणि पुढे 'आठवत नाही'.

म्हणजे जागी स्वप्नंच नव्हे, साधी स्वप्नंही आटली होती. मी विहिरीत पोहायला शिकत होते आणि विहिरीत पाणीच नव्हतं. १५ जूनला काय झालं होतं? शाळा उघडली होती आणि मला दुपारच्या सत्रातून सकाळच्या सत्रात टाकलं होतं. सातला शाळा, पावणेपाचला उठणं, डबे, झाडलोट. झोपायची वेळ मात्र जुनीच, अकरा.

यातलं गणित साधं आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा, स्वप्नांचा थोडा. पहाटेकडे ते उलटं होतं, शेवटच्या फेरीतला स्वप्नांचा टप्पा अर्धा तासही टिकू शकतो. पावणेपाचला उठून मी नेमकी ती फेरीच कापून टाकत होते. वर तीनचा गजर लावून उरलेल्यावरही कुऱ्हाड. एवढं साधं कारण, आणि मी वर्षभर दोष देत होते स्वतःच्या एकाग्रतेला.

म्हणून कोणी मला विचारलं, की जमत होतं आणि आता जमत नाही, काय करू, तर मी आधी विचारते: झोपता कधी, उठता कधी, आणि बंद पडलं त्या सुमारास घरात-नोकरीत काय बदललं? पाळी बदलली, तान्हं मूल आलं, रोज रात्री पेला सुरू झाला (दारूनं स्वप्नांचा टप्पा दबतो), नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या अनेक गोळ्याही तेच करतात, पण म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. उत्तर बहुधा यातच कुठेतरी असतं.

मी काय केलं ते सांगते. पहिला महिना जाग्या स्वप्नाचं नावच काढलं नाही. रात्री साडेनऊला अंथरुणावर. त्यासाठी घरात तह करावा लागला: भाजी रात्रीच चिरून ठेवायची, ती नवऱ्यानं, आणि मी मालिका सोडायची. मालिकेचं दुःख झालं नाही. सकाळी डोळे न उघडता, कूस न बदलता दोन मिनिटं पडून आधी आठवायचं, मग पेन्सिल. काहीच न आठवलं तर निदान मनाला काय वाटतंय ते लिहायचं, 'घाई', 'ओलं', 'कुणावर तरी चिडले होते'. दहाव्या दिवशी पान भरलं.

मग वहीतून माझ्या खुणा काढल्या. अप्पा, आणि शाळा. निम्म्या स्वप्नांत मी वर्गावर होते. म्हणून बोटं सोडली आणि हजेरीपट धरला. रोज हजेरी घेताना एक नाव वाचायचं, फळ्याकडे बघायचं, पुन्हा तेच नाव वाचायचं, आणि खरोखर शंका घ्यायची: बदललं असतं तर? हा प्रश्न दिवसातून दोनदाच, पण मनापासून. वीस वेळा यांत्रिकपणे विचारण्यापेक्षा हे बरं.

मधली जाग फक्त रविवारी, तीही गजराशिवाय. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे पाचला येतं. पिंप भरायचं, टाकी चढवायची, अर्धा तास तसाच जातो. मग मोबाइलला हात न लावता पुन्हा आडवं व्हायचं, शेवटचं आठवलेलं स्वप्न मनात उभं करायचं, त्यात स्वतःला खूण ओळखताना बघायचं आणि म्हणायचं, पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा मला आठवेल. बाजारातून येताना कोथिंबीर आणायची आठवण ठेवतो ना, तसं. लाबर्ज यांची रीत मुळात हीच. आणि म्हणता म्हणता झोपून जायचं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांनी ही रीत, पहाटेची जाग आणि दिवसाची तपासणी एकत्र करायला लावून प्रसिद्ध केलेले आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत: यश १७ टक्के प्रयत्नांत. पण घोकणं संपल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांचं जवळजवळ ४६ टक्के. यातला पहिला आकडा माझा धीर आहे. चांगल्या रीतीनंही सहातले पाच दिवस कोरेच जायचे. दुसरा आकडा नवऱ्याला दाखवला. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

ऑगस्टचा तिसरा रविवार. पाणी भरलं, झोपले. सातवी ब, पावसाची अंधारी सकाळ, मी हजेरी घेतेय. तेविसावं नाव वाचलं, कदम. फळ्याकडे बघितलं, पुन्हा खाली बघितलं. तेविसाव्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: गवार, दोडका, पाव किलो मिरच्या.

छातीत धडधडलं. या वेळी आनंदानं उड्या मारल्या नाहीत. उड्या मारल्या की जाग येते, हे अप्पांच्या वेळी शिकले होते. तळहात एकमेकांवर घासले, स्वप्न धरून ठेवायला हा उपाय चालतो. खडूची भुकटी बोटांना लागली, कोरडी, खरी. जुन्या सवयीनं बोटं मोजली. पाचच होती. तरीही मला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर केला. "बाई, तुम्ही झोपलाय का?"

"हो," मी म्हटलं. "सगळे अगदी हळू आवाजात बोला."